चांगुणाआत्याचं ओलं लुगडं

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, आणि प्रामाणिकपणे सांगते, त्यातले निम्मे वाचून मला हसू येतं. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या गाडीत लिफ्ट मागून म्हातारा बसतो आणि पुढच्या वळणावर गायब होतो... मी आयुष्यभर कल्याणला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी केली. काचपट्टीवर दिसतं ते आहे, दिसत नाही ते नाही, एवढाच माझा देवधर्म. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी चहा टाकायला उठते. त्यामुळे मी हे लिहायला बसलेय म्हटल्यावर घरातले जरा चमकलेच. पण एक गोष्ट अशी आहे जिचं मला आजवर काही करता आलेलं नाही. धड विश्वास ठेवता येत नाही, धड सोडूनही देता येत नाही. आणि खरं सांगू का, तिच्यात भीती फार थोडी आहे. लाजच जास्त आहे.

भिवंडी. साधारण सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार. कासार आळीच्या मागच्या अंगाला एका बोळात आमची इमारत होती. खाली मालकाचे लूम म्हणजे यंत्रमाग, वर भाडेकरूंच्या खोल्या — भिवंडीत तेव्हा अशीच घरं असायची. खालच्या खडखडाटाने आमच्या मांडणीतली भांडी सतत थरथरायची. पाहुणे यायचे आणि डोकं धरून परत जायचे. आमचं उलटं. शुक्रवारी लूम बंद असायचे, तेव्हा आम्हाला कानात दडे बसल्यासारखं व्हायचं. आठवड्यातून तेवढ्या एका दिवशी घरात साध्या आवाजात बोललेलं ऐकू यायचं, एरवी खुणा करायच्या नाहीतर ओरडायचं. हे शुक्रवारचं मुद्दाम सांगतेय, पुढे लागणार आहे.

घरात आम्ही तिघं. माझे वडील, ज्यांना सगळी आळी अण्णा म्हणायची, ते सायझिंगमध्ये कारकून होते — सायझिंग म्हणजे सुताला खळ देण्याचा कारखाना. आई दम्याची. आणि मी, कल्याणला कॉलेजात जाणारी. छप्पर कौलारू होतं आणि स्वयंपाकाच्या कोपऱ्यात ते गळायचं. गळायचं म्हणजे चार थेंब नव्हेत. पावसाळाभर तिथे पत्र्याचा डबा ठेवलेला असायचा आणि तो दिवसातून कितीदा तरी ओतावा लागायचा. भिंत खालपासून वरपर्यंत ओली, वर शेवाळ, आणि एक वासा असा कुजलेला की नखाने उकरला तर भुगा पडायचा.

मालकांना सगळे इब्राहिमशेठ म्हणत. कोकणी मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या भिवंडीतले, जवळच दापोड्याच्या बाजूला त्यांची शेतीही होती. माणूस गोड. दुरुस्तीचं बोलायला गेलं की आधी चहा मागवायचे. मग कधी रमजान झाल्यावर, कधी पाऊस गेल्यावर, कधी कुवेतहून भाऊ आल्यावर... त्या भावाची आम्ही इतकी वाट पाहिली की तो आमचाच कुणी लागतो असं वाटायला लागलं होतं. आता या वयात मला त्यांचीही बाजू दिसते. आमचं भाडं पूर्वापार चालत आलेलं, त्यात कौलाची एक रांगही बदलून झाली नसती. पण तेव्हा आईचा श्वास लागायचा, ती रात्र रात्र उशीला टेकून बसायची, आणि मला इब्राहिमशेठचा चहा विषासारखा वाटायचा.

आमच्या मजल्यावरचे बाकीचे भाडेकरू कंटाळून एकेक करत निघून गेले. कुणी खोली सोडली की आठवड्याभरात तिथे सुताच्या गोण्या येऊन पडायच्या. शेवटी वर आम्ही एकटेच उरलो.

अण्णा हट्टी. आणि कायद्यावर त्यांची श्रद्धा म्हणजे दुसऱ्याची सत्यनारायणावर असते तशी. ते वकिलाकडे गेले आणि परत आले ते अगदी फुलून. राहती जागा नीट ठेवणं हे मालकाचं काम आहे, उपकार नाही. लेखी नोटीस द्यायची. तरी त्याने हात हलवला नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो, पण त्याला मर्यादा आहे, आणि आमचं काम त्या मर्यादेत बसणारं नव्हतं. म्हणून कोर्टात जायचं. दुरुस्ती मागितली म्हणून मालक पाणी तोडू शकत नाही की बाहेर काढू शकत नाही. हे सगळं अण्णांनी आम्हाला शुक्रवारी बसवून समजावलं, कारण इतर दिवशी ओरडून कायदा सांगता येत नाही.

फक्त वकिलाने एक गोष्ट बजावून सांगितली होती. खोली बंद ठेवायची नाही. सहा महिने जागा विनाकारण वापरात नाही असं मालकाने दाखवलं की सगळा हक्क संपला. "खोलीत माणूस दिसला पाहिजे. चूल पेटलेली दिसली पाहिजे. दोरीवर कपडे वाळत दिसले पाहिजेत," असं वकील म्हणाले होते. अण्णा ते वाक्य पाढ्यासारखं म्हणायचे.

आणि नेमकं त्याच पावसाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांनी आईला त्या घरातून हलवायला सांगितलं. खालून कापसाची धूळ, वरून ओल. आणखी एक पावसाळा इथे काढला तर जबाबदारी माझी नाही, म्हणाले. आम्ही कल्याणला मामाकडे गेलो. पण खोलीत बसणार कोण?

अण्णांची थोरली बहीण चांगुणाआत्या आमच्या मूळ गावी, दापोड्याला असायची. विधवा, मूलबाळ नाही, चुलतभावाच्या घरात ओटीवर एक कोपरा. बुटकी, काळीसावळी, खणखणीत आवाजाची. लाड करायची ते शिव्या देऊन. मला "ए उंदरे" म्हणायची आणि कनवटीला बांधलेले शेंगदाणे द्यायची. अण्णा तिला आणायला गेले तेव्हा तिने का, किती दिवस, काही विचारलं नाही. दोन निळी लुगडी गाठोड्यात बांधली आणि टेम्पोत बसून आली.

तिला सोडून आम्ही निघालो तो क्षण मला नीट आठवतो, कारण शुक्रवार होता आणि शब्द न्‌ शब्द ऐकू आला. अण्णा म्हणाले, "बाय, मी सांगेपर्यंत इथून उठायचं नाही. दाराला कुलूप दिसलं की खोली गेली."

आत्या डबा ओतून आली होती, हात पदराला पुसत म्हणाली, "तू सांगशील तवाच उठंन. तवर मी हितून हलायची न्हाय."

आणि ती खरंच हलली नाही. बाजारसुद्धा खालच्या लूमवरच्या कुणाकडून मागवायची. रोज सकाळी लुगडं धुवायची आणि गॅलरीतल्या दोरीवर घालायची. तिची घालायची एक पद्धत होती — लुगडं दुपदरी करायचं, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून पदराचं टोक दोरीच्या खुंटीला गाठ मारून बांधायचं. गावाकडे खाडीचा वारा असतो, तिथली सवय. ते निळं लुगडं बोळाच्या तोंडापासून दिसायचं. अण्णा कल्याणहून ड्युटीवर येताना लांबूनच ते बघायचे आणि समाधानाने पुढे जायचे. वर जाऊन बहिणीला बघणं मात्र रोज व्हायचं नाही.

आषाढात ती आजारी पडली. अंगात ताप, छातीत कफ. तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कुणी तरी तिला उठवलं असतं ना. अण्णा एका शुक्रवारी वर गेले तर ती डब्याशेजारी भिंतीला टेकून बसली होती, लुगडं कमरेपर्यंत ओलं, आणि डबा भरून वाहत होता. खाली सगळे नमाजाला गेले होते, बोळ रिकामा. अण्णांनी तिला तशीच रिक्षात घातली. जिन्यावर तिने विचारलं, "उठू ना रं?" अण्णा म्हणाले, "डॉक्टरला दाखवू, मग परत येऊन बसायचंय तुला." आणि जाता जाता तिचं दुसरं लुगडं दोरीवर टाकायला ते विसरले नाहीत.

डॉक्टरला दाखवून तिला दापोड्याला घरी नेलं, तिथेच आत्या गेली. डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला होता, फार दिवस काढले नाहीत तिने. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. गावातली माणसं एकेक करून पुढे होत म्हणाली, चांगुणे, तुझं हे करू, ते करू. अण्णाही म्हणाले, तुझं सगळं नीट करीन. पण जे म्हणायला हवं होतं ते त्यांनी म्हटलं नाही. ते काय, हे तिथे आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, पावसात कावळे येतातच कुठे. अजूनही माझं मत तेच आहे.

भिवंडीत आम्ही हे कुणाला कळू दिलं नाही. म्हणजे बघा, सख्खी बहीण गेली आणि अण्णा दाढी करून कामावर. कारण आमचा दुरुस्तीचा अर्ज एव्हाना कोर्टात होता आणि मालकाच्या बाजूने तेच म्हणणं पडलं होतं की हे लोक इथे राहतच नाहीत. खोलीत बसणारं माणूस गेलं असं बाहेर पडलं असतं तर सगळंच हातचं जाणार. मग आई एक दिवसाआड कल्याणहून एस्टीने यायची, धापा टाकत जिना चढायची, आत्याचं निळं लुगडं भिजवायची, दोरीवर घालून दोन चिमटे लावायची, स्टो थोडा वेळ पेटवायची आणि कुलूप लावून परत. मेलेल्या नणंदेचं लुगडं ओलं करून वाळत घालायचं. 

श्रावणातल्या एका शुक्रवारी आईला उठवेना. दम्याने बेजार झाली होती. म्हणून अण्णांबरोबर मी गेले. सकाळची वेळ, पाऊस उघडलेला, लूम बंद. बोळात शिरलो आणि वर पाहिलं तर दोरीवर निळं लुगडं होतंच. त्यात नवल नव्हतं, आईने परवा घातलेलं असणार. वर गेलो. दाराला आमचंच कुलूप, अण्णांनी आमच्याच किल्लीने उघडलं. मी बादली घेऊन गॅलरीत गेले. लुगडं काढून भिजवायचं होतं.

ते ओलं होतं. दमट नव्हे, ओलं — टोकाला धार लागली होती, खाली फरशीवर थारोळं. दुपदरी घातलेलं. आणि पदर खुंटीला गाठ मारून बांधलेला. आईचे चिमटे शेजारी दोरीवर नुसते लटकत होते.

मी अण्णांना हाक मारली. ते आले, त्यांनी गाठीला हात लावला, आणि हात धोतराला पुसला. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. इब्राहिमशेठ होते. त्यांच्या मागे त्यांचा मिस्त्री, आणि शेठच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी.

ते दारातच थांबले. आत आले नाहीत. म्हणाले, "अण्णा, बरं झालं भेटलात. जुम्म्याचा दिवस आहे, खोटं नाही बोलणार. हे कुलूप घेऊन मी मघाशी आलो होतो. वर कुणी नाही असं मला सांगण्यात आलं होतं. तुमचं काढून माझं लावणार होतो."

अण्णांनी त्या कुलपाकडे पाहिलं.

"दार उघडं होतं. खोली रिकामी समजून मी आत आलो," शेठ म्हणाले. "तुमची बहीण त्या तिकडे डब्याजवळ बसली होती. मला बघून उठली नाही, पण पदर सारखा केला. मी म्हटलं, बाई, इथे कशाला बसता ओलीत? तर मला शिव्या घातल्या. माझ्या आईनंतर मला कुणी अशा शिव्या घातल्या नव्हत्या." ते कसनुसं हसले. "पाय बघितले मी त्यांचे. पाण्यात राहून पांढरे पडलेत. अण्णा, मला शरम वाटली. मी तसाच खाली उतरलो आणि मिस्त्रीला घेऊन आलो. उद्यापासून काम सुरू."

मी अण्णांकडे पाहत होते. मला वाटलं, आता सांगतील. त्यांचे ओठ हललेही.

"आणि एक निरोप दिलाय त्यांनी," शेठ म्हणाले. "म्हणाल्या, माझ्या भावाला इचारा, आता उठू का मी?"

खाली लूम बंद होते. कौलावरून पाणी निथळत होतं तेही ऐकू येत होतं.

अण्णांनी काय करायला हवं होतं हे मला आज विचाराल तर मी लगेच सांगेन. पण त्या वेळी समोर मालक उभा, त्याच्या हातात कुलूप, कोर्टात तारीख, घरी आई श्वासासाठी झगडतेय, आणि एका शब्दात सगळं जाणार किंवा राहणार. अण्णा म्हणाले, "सांगा तिला... काम होईपर्यंत बस म्हणावं."

शेठनी मान हलवली. बाईमाणूस आत आहे म्हणून त्यांनी पाऊल आत टाकलं नाही, उंबऱ्यातूनच स्वयंपाकाच्या कोपऱ्याकडे तोंड करून म्हणाले, "बाय, भाऊ म्हणतो काम होईपर्यंत बसा." दारातून तो कोपरा दिसत नाही, मध्ये भिंत आहे. ते जरा थांबले, ऐकल्यासारखं केलं, आणि आम्हाला म्हणाले, "बरं म्हणाल्या."

आम्हाला काही ऐकू आलं नव्हतं.

ते गेल्यावर मी कोपऱ्यात गेले. कुणीही नव्हतं. डबा रिकामा होता, ओतून पालथा घातलेला, आणि फरशी फडक्याने पुसलेली. अण्णा मागून म्हणाले, "असलं काही नसतं." मीही म्हटलं, "नसतंच." दोघांनी एकमेकांकडे न बघता कुलूप लावलं. कल्याणला जाऊन आईला विचारलं, तू गाठ मारली होतीस का? ती म्हणाली, मला कुठे येते तशी गाठ. मग ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

दुसऱ्या दिवसापासून खरंच काम सुरू झालं. मिस्त्री म्हणाला, मालक सांगतायत गळती तुमच्या कोपऱ्यात नाहीच, पाणी शेजारच्या खोलीच्या कडेला शिरतं आणि वाशावरून चालत येऊन इथे पडतं. कौलं उतरवली तर तसंच निघालं. इतकी वर्षं राहून आम्हाला हे माहीत नव्हतं. मालकांना कुणी सांगितलं, असं मी मिस्त्रीला विचारलं. "वो बुढी अम्माने बताया बोले," म्हणाला. त्या कोपऱ्यात बसून वर बघण्यापलीकडे आत्याला दुसरं काम काय होतं...

नवीन वासे पडले, कौलं बदलली, भिंत वाळली. कोर्टातला अर्ज मागे घेतला. आम्ही परत राहायला आलो. मग शेठनी एकदा विचारलं, बहीण कुठे आहे, दिसत नाहीत. अण्णा म्हणाले, गेली. कधी? "गेल्या आठवड्यात." कायद्याच्या सोयीने आत्या दुसऱ्यांदा मेली. शेठ हळहळले, काहीतरी पुटपुटत त्यांनी हात तोंडावरून फिरवला, आणि दापोड्याला शेतावर जाईन तेव्हा घरी भेटून येतो म्हणाले. अण्णांनी दोन दिवस जेवण टाकलं. शेठ दापोड्याला गेले की तारीख कळणार, कळली की संपलं. शेठ गेले, परत आले, आणि काही बोलले नाहीत. आम्हाला वाटलं, भेटायचं राहून गेलं असेल.

आता तुम्ही म्हणाल, मग अण्णांनी घरातल्या घरात, त्या कोपऱ्यापाशी उभं राहून, ऊठ म्हणायला काय हरकत होती? काम तर झालं होतं. मीही हे त्यांना एकदा म्हटलं. ते माझ्यावर एवढे भडकले की पुन्हा विषय काढला नाही. आता कळतं. ऊठ म्हणायचं म्हणजे ती बसलीय हे कबूल करायचं. त्यापेक्षा असलं काही नसतं, हे बरं. आई मात्र त्या कोपऱ्यात कधी पाट मांडून बसली नाही. तिथे तिने कायम एक माणूस बसेल एवढी जागा मोकळी ठेवली. आणि आत्याचं लुगडं ट्रंकेत होतं, ते ती कधी उघडून बघायची नाही.

पुढे पाच-सहा वर्षांनी मालकांनी इमारत बिल्डरला दिली. भाडेकरू म्हणून आम्हाला नव्या इमारतीत मालकीचा फ्लॅट मिळाला. आमचं सामान हलवून झालं आणि रिकाम्या खोलीची किल्ली द्यायला अण्णा आणि मी गेलो. शेठ आले होते, खूप थकलेले, काठी टेकत. लूम केव्हाच काढून नेले होते, त्यामुळे वार कुठलाही असो, शांतताच.

अण्णांनी किल्ली पुढे केली, पण हातातून सोडली नाही. म्हणाले, "शेठ, तुम्ही त्या दिवशी वर आलात ना, तेव्हा माझी बहीण..."

"मला दापोड्यात कळलं होतं," शेठ म्हणाले. "तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर खोली गेली असती तुमची. त्यांचं बसणं फुकट गेलं असतं. मीच बसवलं होतं त्यांना, अण्णा. वेळेवर चार कौलं टाकली असती तर..." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "पण मी पाहिलं ते पाहिलं."

अण्णांनी तोंड फिरवलं. ते आत गेले, त्या रिकाम्या कोपऱ्यासमोर उभे राहिले. भिवंडीत आल्यापासून त्यांनी गावची बोली सोडली होती, कचेरीत हसतात म्हणून. त्या दिवशी ते दापोड्याच्या भाषेत बोलले. "बाय, ऊठ आता. झालं काम. चल घरा."

मग ते वाट बघत राहिले. आणि जन्मभर कशावरही विश्वास न ठेवलेला माझा बाप शेठकडे वळला, कारण तिचं बोलणं ज्याला ऐकू आलं होतं असा तो एकच माणूस होता, आणि त्यांना विचारलं, "काय म्हणाली?"

शेठ बराच वेळ कान देऊन उभे होते. मग त्यांनी मान हलवली. "आज काही ऐकू नाही आलं, अण्णा."

अण्णा त्यानंतर बरीच वर्षं होते. आजारपणात शेवटी शेवटी ते नर्सला विचारायचे, काय म्हणाली? आम्ही नर्सला सांगून ठेवलं होतं की बरं म्हणाली असं सांगत जा. ती सांगायची. त्यांचं समाधान व्हायचं नाही.

मी याचा पुष्कळ विचार केलाय. शेठनी रचून सांगितलं असेल? पण शिव्या कुठून आल्या, आणि गळतीची वाट? खालच्या लूमवरची कुणी बाई वर आली असेल? कुलूप आमचं होतं. आणि ती गाठ... लॅबमध्ये एखादा रिपोर्ट जुळत नसला की आम्ही नमुना पुन्हा तपासायचो. इथे तपासायला काही उरलेलं नाही. इमारत नाही, शेठ नाहीत, आई-अण्णा नाहीत. दापोड्यात आत्या जिथे ओटीवर झोपायची तिथे आता गोदामाचं गेट आहे. फ्लॅट आहे, तो माझ्या नावावर आहे, आणि मी हे त्याच फ्लॅटमध्ये बसून लिहितेय. वरून एक थेंब गळत नाही.

फक्त एक सवय लागलीय, घरातले हसतात त्याला. आम्ही सगळे बाहेरगावी निघालो, सामान खाली गेलं, की कुलूप लावण्याआधी मी एकदा मागे वळते आणि रिकाम्या घराला मोठ्याने सांगते — चला, उठा, कुणी बसून राहू नका. मग जरा वेळ उभी राहते. अजून कुणी बरं म्हटलेलं नाही.